बिनवैमानिकाचा फो

मेनूकार्डावर परदेशी पदार्थाच्या नावापुढे 'व्हेज' लिहिलेलं दिसलं की मी सावध होतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो, की आचाऱ्याने मूळ पाककृती उघडली, मांसाची ओळ कमेंट आउट केली, कंपाइल होतंय एवढं बघितलं आणि तसंच प्रॉडक्शनला टाकलं. टेस्टिंग शून्य. मग समोर येतं ते गरम पाणी, त्यात चार गाजराचे तुकडे, वर थोडा सोया सॉस. आणि आपण शाकाहारी म्हणून वाढलेले लोक ते मुकाट गिळतो, कारण 'निदान व्हेज तरी मिळालं' ही सवय लहानपणापासून अंगात मुरलेली असते.

आजचं निमित्त आहे फो. गेल्या काही वर्षांत मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानं सुरू झाली, आणि तेव्हापासून आमच्या ऑफिसातली निम्मी जनता हनोई नाहीतर दा नांगला जाऊन आलीये. आली की पहिले फोटो त्या पुलाचे (दगडी वाटणारे दोन हात पूल उचलून धरतात तो), आणि दुसरे फोचे. (उच्चार 'फो' नाही बरं का. 'फ' आणि 'फअ' यांच्या मधलं काहीतरी आहे, आणि आवाज खाली जाऊन परत वर यायला हवा, आपण कोणावर संशय घेऊन 'हं?' म्हणतो तसा. पण मराठीत तसं लिहायची सोय नाही, तेव्हा इथे फोच.) ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: तांदळाच्या चपट्या शेवया, त्यावर तासन् तास उकळलेलं, खड्या मसाल्यांच्या वासाचं स्वच्छ पाणी, गोमांसाचे किंवा कोंबडीचे पातळ काप आणि वर हिरवा पाला. तिकडे तो सकाळचा नाश्ता आहे, आपल्या मिसळीसारखा.

तर या फोबद्दल जेवणाच्या टेबलावर दोन मतं ऐकू येतात. खाणाऱ्यांचं मत असं, की व्हेज फो हा फो नव्हेच, उगाच नाव कशाला बाटवायचं. न खाणाऱ्यांचं मत असं, की असेल तसा असेल, आपल्याला काय, सूपच ना शेवटी. माझं या दोघांशीही पटत नाही. आणि दुसऱ्या मताशी जास्त पटत नाही.

आधी पहिलं मत घेऊ. 'अस्सल' फो म्हणजे गाईच्या हाडांचा, हे बरोबर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर व्हिएतनाममध्ये, हनोई आणि नाम दिन्ह भागात तो आकाराला आला. फ्रेंच साहेबाला बीफ लागायचं, त्यामुळे खाटकाकडे हाडं उरायची, आणि त्या हाडांचं कोणीतरी सोनं केलं. पण थोडं पुढे चला. १९३९ च्या सुमाराला हनोईत आठवड्यातून दोन दिवस गोमांस विकायला बंदी होती, म्हणून लोकांनी कोंबडीचा फो काढला, असं सांगतात. तेव्हाच्या अस्सलवाल्यांनी नाकं मुरडलीच असणार. आज कोंबडीचा फो परंपरा म्हणून मिरवतो. १९५४ ला देशाची फाळणी झाली, लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले, आणि तिथे फोमध्ये मोड आलेले मूग, तुळशीसारखा पाला, लिंबू, गोडसर सॉस असं सगळं शिरलं. हनोईचा जुना माणूस हे बघून आजही कपाळावर हात मारतो. (नागपूरच्या माणसाला पुण्याची मिसळ खायला घातल्यावर होतो तसा चेहरा.) बरं, महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर बैलाचंही मांस मिळत नाही, त्यामुळे आपल्याकडे 'अस्सल, अस्सल' म्हणून जो फो खाल्ला जातो तो बहुतेक कोंबडीचाच. तेव्हा अस्सलपणाची रेघ नक्की कुठे मारायची, ते एकदा ठरवा आणि मला कळवा.

पण खरी गंमत याच्यापुढे आहे. व्हिएतनाममध्ये बिनमांसाचा फो एक नाही, दोन आहेत.

पहिल्याचं नाव आहे 'बिनवैमानिकाचा फो'. हे नाव मी ठेवलेलं नाही, त्यांचंच आहे. युद्धाच्या काळात उत्तर व्हिएतनामवर अमेरिकेची टेहळणीची विमानं फिरायची, ज्यांच्यात वैमानिकच नसायचा. त्याच काळात, आणि युद्धानंतर रेशनिंगच्या वर्षांतही, सरकारी दुकानांत फो मिळायचा त्यात मांसाचा तुकडा नसायचा. शेवया, पाणी, अजिनोमोटो. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि नाव देऊन मोकळे झाले. चालवणाराच आत नाही! टंचाईतही असा विनोद सुचतो त्या लोकांना सलाम आहे.

दुसरा म्हणजे 'फो चाय'. स्पेलिंग सी, एच, ए, वाय. उच्चार जवळजवळ आपल्या चहासारखाच, त्यामुळे हनोईच्या गल्लीत ती पाटी बघून आपली मंडळी चहा प्यायला आत शिरतात :) 'चाय' म्हणजे बौद्ध परंपरेतलं शाकाहारी जेवण. तिथले भिक्षू आणि भिक्षुणी मांस-मासे खात नाहीत, आणि घरोघरची साधी माणसंही चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला चाय खातात. म्हणजे आपल्या हिशोबाने अमावास्येच्या आसपास आणि पौर्णिमेला. आमच्या प्रोजेक्टवर हो ची मिन्ह सिटीहून काम करणारी एक टेस्टर आहे. तिला मी आपल्या एकादशीबद्दल सांगत होतो, तर म्हणाली, यात नवीन काय, माझी आजी महिन्यातून दोनदा हेच करते. त्या स्वयंपाकात दूधदुभतं मुळातच नसतं, त्यामुळे आज ज्याला आपण 'व्हीगन' म्हणतो ते तिकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. कोणाला टी-शर्टवर छापावं लागलं नाही.

आता या दोन्ही फोंमध्ये मांस नाही. फरक काय? पहिल्यात मांस काढलेलं आहे. दुसऱ्यात ते कधी येणारच नव्हतं, म्हणून चव कुठून आणायची याचा कोणीतरी पहिल्यापासून विचार केलाय. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्या हॉटेलांत 'व्हेज' म्हणून जे मिळतं ते जवळजवळ सगळं बिनवैमानिकाचं असतं. टंचाई नसताना! आणि आपण ते चालवून घेतो.

हे चालवून घेणं कधीकधी महागात पडतं. दोन वर्षांपूर्वी नवी मुंबईतल्या एका मॉलमध्ये आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. आई माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ आल्याला तीस वर्षं झाली. मेनूवर हिरवा ठिपका, शब्द 'व्हेज फो', वेटरला विचारून ऑर्डर दिलेली. आईने चार चमचे खाल्ले आणि वास घेत थांबली. मी परत वेटरला बोलावलं, यात नक्की काय काय आहे? त्याने आत जाऊन विचारून येऊन शांतपणे सांगितलं, "सर, फिश नाहीये, फक्त फिश सॉस आहे."

आईने काहीही आरडाओरडा केला नाही. चमचा खाली ठेवला, पाणी प्यायली, आणि आम्हा सगळ्यांचं जेवण होईपर्यंत नातवाशी गप्पा मारत बसली. दुसऱ्या दिवशी कडक उपास केला. कशाचा ते सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. मॅनेजरने बिलातून ती डिश वजा केली, म्हणजे त्यांच्या लेखी तिकीट क्लोज. माझ्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही. पाकिटबंद वस्तूंवर ठिपका असतो, २०२२ पासून व्हीगन मालासाठी वेगळे नियमही आलेत. पण भांड्यातून वाडग्यात आलेल्या सूपला लेबल नसतं. तिथे फक्त वाढणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा असतो, आणि त्या शब्दाची किंमत त्याला माहीत नसते.

असो. तर घरी करायचं ठरलं. आणि करायला घेतल्यावर लक्षात आलं, की पनवेलच्या साध्या मराठी स्वयंपाकघरात नव्वद टक्के फो आधीच इन्स्टॉल केलेला आहे.

मसाल्यांचंच बघा. फोच्या वासाचा राजा चक्रीफूल. मागोमाग दालचिनी, लवंग, मसाला वेलची, धणे, थोडी बडीशेप. ही फोची यादी आहे का मालवणी मसाल्याची? जुन्या पनवेलच्या बाजारात कुठल्याही मसाल्याच्या दुकानात उभे राहा, सगळं एका पुडीत मिळेल. आणखी गंमत म्हणजे व्हिएतनामच्या उत्तरेला, चीनच्या सीमेवर लांग सोन नावाचा प्रांत आहे, तो चक्रीफुलासाठी प्रसिद्ध, आणि व्हिएतनामी चक्रीफुलाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे भारत. दालचिनीचंही तेच. म्हणजे आपल्या आज्यांनी मटणाच्या मसाल्यात जे चक्रीफूल कुटलं, त्यातलं बरंचसं फोच्याच गावचं असणार. आपण फो करतो तेव्हा ते माहेरी जातं एवढंच.

मात्र हात आवरायचा. मराठी हाताला मसाला दिसला की उधाण येतं. चार माणसांच्या तीन लिटर पाण्याला तीन चक्रीफुलं, बोटभर दालचिनी, चार लवंगा, एक मसाला वेलची, चमचाभर धणे, अर्धा चमचा बडीशेप. बास. कोरडं भाजायचं, वास सुटला की मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि शेवटची अर्धा-पाऊण तासच पाण्यात सोडायची. जास्त वेळ ठेवली तर फो न होता बिर्याणीचं पाणी होतं. दगडफुलाचा मोह होईल, एखादी पाकळी चालेल. हळद नाही, तिखट नाही, आणि हे लिहिताना माझाही हात थरथरतोय, पण फोडणी नाही!

पाण्याला अंग कुठून आणायचं, हा मुख्य प्रश्न. हाडांमधून जे मिळतं ते दोन प्रकारचं असतं: एक चव, आणि एक ओठांना लागणारा चिकटपणा. चिकटपणाच्या मागे लागू नका, तो जिलेटिनचा असतो, भाजीतून येणार नाही, आणि कॉर्नफ्लोअर घालून आणलात तर तुमच्यात आणि त्या मॉलवाल्यात फरक राहणार नाही. चव मात्र येते. १९०८ साली इकेडा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सूपातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. पुढे कळलं, की वाळलेल्या शिताके मशरूममधला एक वेगळा घटक ग्लुटामेटच्या जोडीला आला की दोघांची चव नुसती बेरीज न होता कितीतरी पटीने वाढते. म्हणून मंदिरांच्या स्वयंपाकात वाळलेली मशरूम हवीतच. सात-आठ पुरतात. रात्रभर थंड पाण्यात फ्रिजमध्ये भिजवायची (गरम पाण्यात घाईने नको), आणि ते भिजवलेलं पाणी म्हणजे सोनं, सिंकमध्ये ओतू नका. शिताके ऑनलाइन मिळतात, थोडी महाग आहेत पण एक पाकीट खूप दिवस जातं. पावसाळ्यात कर्नाळ्याच्या बाजूला आदिवासी बायका रानातली अळंबी घेऊन बसतात, तीही वरून घालायला अप्रतिम. पाण्याला मात्र वाळलेलीच.

बाकी भांड्यात काय? एक मोठा पांढरा मुळा सोलून, दोन गाजरं, दोन मक्याची कणसं (दाणे खाऊन उरलेले बुरकुंडेसुद्धा चालतात, त्यांच्यात भरपूर गोडी असते). कोबी नको, वास धरतो. आणि ऊस! दक्षिण व्हिएतनाममध्ये पाण्यात उसाची कांडकी टाकतात. आता उसासाठी पनवेलकराला कुठे जायला नको. रसवंतीवाल्याला सांगायचं, दादा, वीतभर ऊस सोलून दे, पिळू नको. तो जरा विचित्र नजरेने बघतो. बघू दे. ऊस नसेल तर खडीसाखर, तीही तिकडे फोमध्ये घालतातच. आपल्याकडे ती देवाजवळच्या वाटीत असतेच.

कांदा आणि आलं भाजायचं, थेट गॅसवर, वांगं भाजतो तसं, साल काळं होईपर्यंत. मग काळं खरवडून, धुऊन पाण्यात. ही एक पायरी गाळली की सगळं मुसळ केरात. तो किंचित धुरकट गोडवा हीच फोची सही आहे. आपल्याकडे चुलीत कांदा भाजून वाटण करणाऱ्या घरात हे समजावून सांगायची गरज पडू नये.

आणि वेळ. हाडं आठ-दहा तास मागतात, भाज्या नाही. मंद आचेवर एक ते सव्वा तासात भाजी जे द्यायचं ते देऊन टाकते, त्यापुढे पाणी नुसतं मलूल होत जातं. 'रात्रभर उकळलेला व्हेज स्टॉक' असं कोणी अभिमानाने सांगितलं तर समजावं, की त्याने गॅस जाळला. खदखदा उकळू द्यायचं नाही, झाकण पूर्ण लावायचं नाही, पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे. हरभऱ्याच्या डाळीचा कट घालावा असं कटाच्या आमटीवर वाढलेल्या कोणालाही वाटेल. चव खरंच छान येते, पण पाणी गढूळ होतं आणि फोची पुरणपोळीशी सोयरीक होते. नकोच.

फिश सॉसच्या जागी काय, हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. तिकडे चाय स्वयंपाकासाठी सोयाबीन आणि अननसापासून केलेला सॉस मिळतो. घरी अननसाचे चार तुकडे, मीठ आणि चांगला सोया सॉस (चायनीजच्या गाडीवरचा काळा गोड नाही, सोयाबीन आंबवून केलेला) थोड्या पाण्यात उकळून गाळला तर काम भागतं. तीन लिटरला दोन-तीन चमचे, बाकी खारटपणा मिठानेच. पाणी नुसतं चाखताना थोडं खारट वाटलं पाहिजे, कारण शेवया अळणी असतात. अजिनोमोटोची चिमूट टाकलीत तरी आकाश कोसळत नाही. २०१५ च्या मॅगी प्रकरणापासून आपण त्याचं नाव काढलं की दचकतो. पण टोमॅटोत आणि मशरूममध्ये निसर्गाने भरलेलं तेच आहे. तिकडे तर घरोघरी असतं. मी घालत नाही, शिताकेने भागतं म्हणून. घालणाऱ्याला नावं ठेवत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. शेवया.

फोच्या शेवया बाजारात पाकिटात मिळतात, 'राइस स्टिक' किंवा 'फ्लॅट राइस नूडल' नावाने, आणि वाईट नसतात. पण एका रविवारी मी त्या शेवया तिकडे कशा करतात याचा व्हिडिओ बघत होतो. तांदूळ भिजवून, वाटून पातळ पीठ करतात, उकळत्या पाण्यावर ताणून बांधलेल्या फडक्यावर ते पसरतात, झाकण, दोन मिनिटं वाफ, की कागदासारखी पातळ पोळी सुटते. ती घडी करून कापायची, झाल्या शेवया. आई मागून बघत होती. म्हणाली, "अरे, ही तर सालपापडी!"

शंभर टक्के. तांदळाच्या सालपापड्या उन्हाळ्यात करतात तेव्हा हेच असतं: पातळ पीठ, ताटल्यांचा स्टँड, वाफ, अलगद सोलून काढायची आणि वाळत घालायची. वाळवायच्या आधीची ओली सालपापडी तेल लावून खाल्ली नाही असा मराठी मुलगा विरळा. फोची शेवई म्हणजे वाळत घालायला विसरलेली सालपापडी. (कोकणातल्या मंडळींना नारळाच्या रसातले शिरवाळे आठवतील, तेही तांदळाच्या शेवयाच, पण ते साच्यातून दाबून काढतात, हे वाफेवर पसरून.) माळ्यावरून स्टँड खाली आला.

एक वाटी जुना तांदूळ, दोन मोठे चमचे साबुदाणा. नवा तांदूळ नको, इंद्रायणी तर अजिबात नको, चिकट होतो. जुना कोलम किंवा रायगडातला कुठलाही जाडा जुना तांदूळ उत्तम. व्हिएतनाममध्येही शेवयांना जुनाच तांदूळ घेतात. ते वर टॅपिओकाचं पीठ घालतात आणि आपला साबुदाणा म्हणजे तोच टॅपिओका. रात्रभर भिजवून, मिक्सरवर अगदी गंधासारखं वाटायचं. चिमूटभर मीठ. घावनाच्या पिठाइतकं पातळ. सालपापडीसारखं तीन दिवस आंबवायचं नाही. ताटलीला तेलाचा हात, पळीभर पीठ, फिरवून पसरायचं, दोन मिनिटं वाफ. थोडं गार झाल्यावर सोलायचं, तेलाचा पुसटसा हात लावून घडी करायची आणि अर्ध्या बोटाच्या रुंदीने कापायचं. त्याच दिवशी संपवायच्या, फ्रिजमध्ये कडक होतात. पाकिटातल्या शेवया आणि या शेवया यांच्यात तोच फरक आहे जो फ्रोझन पोळी आणि तव्यावरच्या पोळीत. यापुढे वर्णन करत नाही.

वरचा पाला. तिकडची तुळस आपल्याला मिळत नाही म्हणून लोक निराश होतात. अहो, फालुद्यात घालता तो सब्जा कुंडीत टाका! तीन-चार आठवड्यांत पानं येतात, आणि त्या पानांना हवा तसा बडीशेपेसारखा वास असतो. आपली देवाची तुळस वापरू नका. तिचा वास लवंगेकडे जातो, चव बिघडते, आणि माझ्या घरी तर त्यावर चर्चासुद्धा शक्य नाही. कोथिंबीर, पुदिना, लवंगी मिरची, लिंबाची फोड. मोड आलेले मूग घालायचे तर लांब मोडांचे लागतात. चाळणीत मूग घालून वर वजन ठेवायचं, अंधारात ठेवून दिवसातून चार-पाच वेळा पाणी द्यायचं, चार दिवसांत येतात. उसळीचे छोटे मोड कच्चे वाटतात. खायला काहीतरी हवं म्हणून टोफूचे काप तव्यावर लाल करून आणि पाण्यातलीच शिताके चिरून. पनीर नाही. सोया चंक्सबद्दल माझी मतं छापण्याजोगी नाहीत.

शेवटी तर्री. हो, तर्रीच. तिकडचा मुरलेला गिऱ्हाईक वेगळी वाटी मागतो, वरच्या चरबीच्या पाण्याची, अगदी आपण मिसळवाल्याला 'तर्री जास्त' म्हणतो तसं. चरबीवर तरंगतो तो वास, नुसत्या पाण्याला नसतो. म्हणून एक कांदा पातळ चिरून कपभर शेंगदाणा तेलात मंद लाल तळायचा, कांदा वर पसरायचा आणि ते तेल प्रत्येक वाडग्यात चमचाभर. बहुतेक घरगुती प्रयत्नांत हे तेल वगळलं जातं, 'हेल्दी' म्हणून, आणि मग सूप पाणचट लागतं. एक चमचा तेलाने कोणी मरत नाही. आणि पाणी उकळतं हवं, कोमट फो हा गुन्हा आहे.

राहिला प्रश्न कांद्याचा. आमच्याकडे कांदेनवमी झाली की चातुर्मासात कांदा-लसूण बंद, आईपुरतं तरी. मला वाटलं होतं आता चार महिने फो नाही. तर त्या टेस्टरने सांगितलं, की त्यांच्या मंदिरांतही कांदा, लसूण, कांद्याची पात हे सगळं वर्ज्य असतं, उग्र पाच भाज्यांच्या यादीत! म्हणजे मंदिरातला खरा फो चाय मुळातच चातुर्मासाला चालणारा. मग आलं दुप्पट भाजायचं, सोबत गाजर आणि मुळ्याचे जाड काप तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून घ्यायचे, आणि तेलात कांद्याऐवजी आल्याचे काप आणि कोथिंबिरीचे देठ. हिंग घालू नका, आमटीची आठवण येते. माझ्या जिभेला कांदेवाला जास्त आवडतो हे खरं. पण बिनकांद्याचा त्याच्यापेक्षा कमी आहे असं मी म्हणणार नाही. वेगळा आहे, जरा शांत.

'एवढा खटाटोप कोण करणार' असं म्हणाल. शनिवारी सकाळी बाजार, रात्री भिजवण, रविवारी दोन-अडीच तास, त्यातला निम्मा वेळ भांडं आपलं आपण काम करतं. दिवाळीच्या चकल्यांना याच्यापेक्षा जास्त कष्ट पडतात. 'मग फ्यूजन झालं की' असं बायको म्हणाली होती. नाही. फ्यूजन म्हणजे फो-भेळ. इथे पदार्थ त्यांचाच आहे, पद्धत त्यांचीच आहे, आपण फक्त आपल्या कपाटात काय काय होतं ते नीट बघितलं. पाहुण्याला जेवायला बोलावल्यावर त्याच्यासाठी मुद्दाम केलेलं आणि बाकीच्यांच्या ताटातून मांस काढून त्याला वाढलेलं, यातला फरक खाणाऱ्याला पहिल्या घासाला कळतो. आईला कळला होता.

आता दर महिन्याला एकदा होतो. आईने पहिल्यांदा वाडगा पुढे ओढला तेव्हा खायच्या आधी विचारलं, "यात काय काय आहे, सगळं सांग." मी उसापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. मग खाल्लं. दोनदा पाणी वाढून घेतलं. सोमवारी डबा उघडला तर उरलेल्या फोच्या पाण्यात मुगाची डाळ, आमसूल आणि वर जिऱ्या-मोहरीची खमंग फोडणी.